खार पाळायचीय? दुधाची वाटी आधी खाली ठेवा

मे महिना लागला, दोन-तीन वळीव होऊन गेले की माझा फोन सुरू होतो. "दादा, खारीचं पिल्लू सापडलंय, पाळायचं म्हणतोय, काय काय लागतंय?" मी आधी एकच विचारतो, आत्तापर्यंत काय केलंय. उत्तर ठरलेलं असतं, "काय नाय, कापसानं गाईचं दूध पाजलं, लई भुकेलं होतं." आणि मग दुसऱ्या दिवशी परत फोन, पोट फुगलंय, हलत नाहीये.

मला हे बोलायचा हक्क आहे कारण मी स्वतः हेच केलंय. सांगलीत विश्रामबागला राहायचो तेव्हा शेजारच्या नारळाच्या झावळ्या उतरवताना घरटं खाली आलं, त्यात दोन पिल्लं. आईनं वाटीत दूध कोमट करून दिलं, मी कापसाचा बोळा घेऊन बसलो, सगळी गल्ली बघायला. एक रात्रीतच गेलं, दुसरं तिसऱ्या दिवशी. दोघांनाही उपाशी राहून काही झालं नव्हतं, आम्ही क्रम चुकवला होता.

क्रम असा आहे: ऊब, मग आई, मग पाणी, आणि सगळ्यात शेवटी दूध. "पाळायची का" हा प्रश्न तर त्याच्याही नंतरचा, पण तुम्ही तोच घेऊन आलाय म्हणून त्याच्यापासूनच सुरू करतो.

पायरी १: मुळात पाळता येते का

नाही. आपली पट्टेवाली खार, म्हणजे पाठीवर तीन किंवा पाच पट्टे असलेली, ही घराच्या पत्र्यावर दिवसभर नाचत असली तरी वन्यप्राणी आहे. कुत्रं-मांजर पाळतो तशी पाळायची मुभा नाही. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ चा आहे आणि त्यात 'शिकार' या शब्दात मारणंच नाही तर पकडणं, सापळा लावणं पण येतं. शिवाय वन्यप्राणी काहीही कारणानं तुमच्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याला कळवायचं असतं. आता कुणी म्हणेल खारीसाठी कोण पोलीस ठाण्यात जातंय, तर जाऊ नका, १९२६ ला फोन लावा, ती वनखात्याची हेल्पलाइन आहे. कुठल्या तालुक्यात आहात ते सांगा आणि फोन केल्याची तारीख-वेळ लिहून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढं कुणी विचारलं तर तुमच्याकडं उत्तर असतं.

विकत घेण्याबद्दल सरळ सांगतो, घेऊ नका. कोणी बाजारात पिशवीतनं किंवा व्हॉट्सअॅपवर "हँडफीड खार, एकदम टेम" म्हणून विकत असेल तर ती कुठल्यातरी घरट्यातनं काढलेली आहे. दया म्हणून विकत घेतली तरी त्याला तुम्ही पुढचं घरटं फोडायला पैसे देताय.

"उडणारी खार" म्हणून जे मोठ्या डोळ्यांचं करड्या रंगाचं पिल्लू दाखवतात ते बहुतेक वेळा शुगर ग्लायडर असतं. तो खारीच्या कुळातला नाहीच, कांगारूसारखा पोटाला पिशवी असलेला ऑस्ट्रेलियाकडचा प्राणी आहे आणि रात्री जागतो. त्याचं खाणं, राहणं सगळं वेगळं, त्यामुळं हा लेख त्याला लागू करू नका.

> थांबा: कोयना, चांदोली, महाबळेश्वरच्या बाजूला असाल आणि सापडलेलं पिल्लू तपकिरी-तांबूस, लांबलचक शेपटीचं, हातभर मोठं होणारं वाटत असेल तर तो शेकरू असू शकतो. आपला राज्यप्राणी. त्याला फक्त खोक्यात उबेला ठेवा, काही पाजू नका आणि लगेच १९२६. इथं घरगुती प्रयोग एकही नको.

पायरी २: हातात नक्की काय आहे ते बघा

सगळ्यात जास्त गडबड इथं होते. प्रत्येक पिल्लू अनाथ नसतं. नीट उजेडात बघा, फोटो काढा, पण दहा जणांच्या हातातनं फिरवू नका.

अंगावर केस नाहीत, गुलाबी, डोळे बंद: अगदी नवं, पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यातलं. स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही.

केस आलेत, पट्टे दिसतात पण डोळे बंद: दोन-तीन आठवड्यांचं. आईकडं परत जाण्याचा चान्स सगळ्यात चांगला याच वयात असतो, वास आणि आवाज दोन्ही जोरदार.

डोळे उघडे पण शेपटी उंदरासारखी बारीक, चालताना लडखडतंय: महिन्याच्या आसपासचं. घरट्यातनं बाहेर डोकावताना पडलेलं असतं बहुतेक.

शेपटी झुबकेदार, भिंतीवर चढतंय, तुम्हाला बघून पळतंय: हे पिल्लू नाही, नुकतीच घर सोडलेली खार आहे. तिला पकडायला पोरांनी अर्धा तास पळापळ केली असेल तर तुम्ही तिला वाचवलं नाही, पळवून आणलंय. परत तिथंच सोडा.

> तपासा: रक्त आहे का? मांजराने तोंडात धरलं होतं का? पाय वाकडा आहे का? अंगावर माश्यांची पांढरी अंडी आहेत का? यातलं एक जरी 'हो' असेल तर पायरी ३ करून थेट डॉक्टरकडं. मांजराच्या दाताची खूण सुईच्या टोकाएवढी असते, दिसत पण नाही, पण त्यातनं जंतू आत जातात आणि अँटिबायोटिक नसेल तर पिल्लू एक-दोन दिवसांत जातं. "जखम बारीक आहे" म्हणून थांबू नका.

डॉक्टरचा प्रश्न आत्ताच सोडवून ठेवा, रात्री अकराला नाही. आपल्याकडं गाई-म्हशींचे आणि कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर भरपूर, पण पन्नास ग्रॅमच्या जनावराला डोस काढून देणारे कमी. आधी फोन करून विचारा, "खार बघता का?" सातारा जिल्ह्यात शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचं, तिथं विचारता येतं. पुण्याच्या बाजूला बावधनला वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र आहे. आणि वनखात्याला फोन केलाच आहे तर त्यांनाच विचारा, तुमच्या भागात कोण बघतं ते त्यांना ठाऊक असतं.

पायरी ३: ऊब (दुधाच्या आधी, पाण्याच्या पण आधी)

थंड पडलेल्या पिल्लाचं पोट काम करत नाही. त्यात दूध घातलं की ते तिथंच राहतं, सडतं, गॅस होतो. आमच्या दोन पिल्लांचं हेच झालं.

चपलेचा खोका घ्या, बाजूला चार भोकं पाडा. आत जुना सुती टी-शर्ट किंवा मऊ फ्लीसचं कापड. टॉवेल नको, त्याच्या फाशांमध्ये नखं अडकतात आणि पाय मुरगळतो. सुटा कापूस पण नको, धागा बोटाला गुंडाळला तर बोट काळं पडतं. प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरा, हाताला सोसवेल इतकंच, ती मोज्यात घाला आणि खोक्याच्या अर्ध्या भागात ठेवा. अर्ध्याच का, तर जास्त गरम झालं की पिल्लाला बाजूला सरकता आलं पाहिजे. पाणी दर दीड-दोन तासांनी बदला, गार झालेली बाटली उलट त्याच्या अंगातली ऊब ओढून घेते, हे लोक विसरतात आणि रात्री झोपून जातात.

आता सांगलीत मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत वेगळी ऊब देऊ नका राव, तिथं उलट सावली आणि वारा लागतो. मेढा, पाचगणीकडं पावसात मात्र दिवसा पण बाटली लागेल. हाताच्या पंज्याच्या मागच्या बाजूनं पिल्लाचं पोट चाचपा, तुमच्या हाताइतकं किंवा थोडं जास्त कोमट लागलं की झालं. बल्ब लावायचाच असेल तर खोक्यापासून लांब, आणि फॅन बंद.

> थांबा: अंघोळ घालायची नाही. चिखल असला तरी नाही. ओल्या, जरा कोमट कापडानं पुसा आणि लगेच कोरडं करा.

पायरी ४: आईला संधी द्या

हे सगळे जण गाळतात. कारण एकच समज, "माणसाचा वास लागला की आई घेत नाही." घेते. खारीची आई पिल्लू तोंडात धरून एकेक करून दुसरीकडं नेते आणि तिची एकापेक्षा जास्त घरटी असू शकतात. एक पडलं तर दुसरं असतं.

करायचं असं:

१. पिल्लू आधी उबदार झालं पाहिजे. गार पिल्लू आवाज करत नाही आणि आवाज केल्याशिवाय आईला कळत नाही.

२. छोटी टोपली किंवा वरून उघडा खोका, आत कापड आणि कोमट बाटली. जिथं सापडलं त्याच झाडाला, सात-आठ फूट उंचीवर, सावलीत, तारेनं घट्ट बांधा. झाड तोडलंच असेल तर शेजारचं झाड.

३. मुंग्या. पिल्लाचा जीव मुंग्या पण घेतात. बांधायच्या तारेवर व्हॅसलीन किंवा ग्रीसचा जाड थर लावा आणि टोपली खोडाला टेकू देऊ नका. मुंग्यांचा खडू, पावडर अजिबात नको, ते विष पिल्लाच्या अंगाला लागतं.

४. आता लांब जा. चाळीस-पन्नास फूट, खिडकीच्या आड. पोरांना घरात घ्या, कुत्रं बांधा. मोबाईल धरून खाली उभे राहिलात तर ती येणार नाही, मग "बघा, घेतलं नाही" म्हणाल.

५. दोन-तीन तास थांबा. दर तासाला फक्त बाटली गार झाली का एवढंच बघा.

ही खार दिवसा फिरते. संध्याकाळी पिल्लू सापडलं तर आई रात्रीत येणार नाही, त्यामुळं रात्रभर बाहेर टांगून ठेवू नका. घरात उबेला ठेवा आणि सकाळी उजाडल्या उजाडल्या, सहा-साडेसहाला परत लावा. साताऱ्यातल्या माझ्या एका मित्राच्या सोसायटीत एसीच्या बाहेरच्या डब्यात घरटं होतं, मेकॅनिकनं काढून खाली ठेवलं, तीन पिल्लं. संध्याकाळी सगळे हळहळले आणि वाटणी पण झाली होती कोण कुठलं नेणार. त्यानं रात्रभर घरी ठेवून सकाळी ग्रिलला टोपली बांधली, साडेसातपर्यंत आईनं तिन्ही उचलून नेलेली. वाटणीवाली मंडळी जरा नाराजच झाली.

> तपासा: आई मेलेली प्रत्यक्ष दिसली, पिल्लू जखमी आहे, किंवा दिवसाउजेडी दोन वेळा नीट प्रयत्न करूनही कोणी आलं नाही, या तीनपैकी एक असेल तरच पुढं. आणि पुढं म्हणजे सुद्धा आधी वनखातं, डॉक्टर. तुमच्याकडं पिल्लू राहतंय ते कोणीतरी घेईपर्यंत किंवा त्यांनी सांगितलं म्हणून.

पायरी ५: आधी पाणी, मग दूध

पिल्लू गरम झालंय, हलतंय, मगच. मानेवरची कातडी हळूच चिमटीत धरून सोडा, लगेच खाली बसली नाही तर अंगात पाणी कमी आहे. मेडिकलमधलं ओआरएस घ्या, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट, अंदाजानं चमचाभर नाही. पहिले दोन-तीन वेळा फक्त हेच, कोमट करून.

सिरिंज १ एमएलची. मेडिकलवाला इन्सुलिनची देतो, तिची सुई बऱ्याचदा निघतच नाही, म्हणून सुई वेगळी होणारी मागून घ्या आणि सुई तिथंच टाकून या. ड्रॉपर, कापूस, वात, चमचा यातलं काही नको, त्यानं किती जातंय आणि कुठं जातंय कळत नाही.

धरायचं कसं: पोट खाली, डोकं जरासं वर, जसं ते आईला पितं तसं. बाळासारखं उताणं धरू नका. उताणं पाजलं की दूध फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. थेंब थेंब ओठाच्या कडेला, ते चाटेल तसं. नाकातनं बुडबुडा आला तर लगेच थांबा, डोकं खाली करा, नाक पुसा.

दूध कुठलं? गाईचं, म्हशीचं, पिशवीचं, लहान बाळाच्या डब्यातलं, सेरेलॅक, सगळ्याला नाही. कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिल्क पावडर मिळते, पेट शॉपमध्ये किंवा जनावरांच्या मोठ्या मेडिकलमध्ये. ती. रात्री मिळाली नाही तर सकाळपर्यंत ओआरएसवर काढा, एक रात्र त्यानं निभावते.

एका वेळी किती, तर वजनाच्या साधारण पाच टक्के. वीस ग्रॅमचं पिल्लू असेल तर १ एमएल. म्हणून छोटा डिजिटल काटा घ्या आणि रोज सकाळी पाजायच्या आधी वजन वहीत लिहा. गुलाबी पिल्लाला दर दोन तासांनी, केस आलेल्याला तीन, डोळे उघडल्यावर चार. रात्री पण उठायचं. मागच्या वेळचं पोट अजून टम्म दिसत असेल तर ती वेळ गाळा.

आणि हे कोणी सांगत नाही: पाजायच्या आधी किंवा नंतर कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसानं शेपटीखाली हळूहळू चोळायचं, शू-शी होईपर्यंत. डोळे बंद असतात तोवर ते स्वतः करू शकत नाही, आई चाटून करवते. हे राहिलं की पोट फुगतं आणि आपण म्हणतो दूध बाधलं.

पायरी ६: आता घरातल्यांना गोळा करा

हे खरं तर पहिल्या दिवशीच करायला हवं, पण तेव्हा सगळे प्रेमात असतात. चार-पाच दिवस रात्री उठून झाले की मग खरं बोलणं होतं.

दिवसा कोण पाजणार? ऑफिसला जाणारे दोघं आणि आज्जीला सिरिंज दिसत नाही, असं असेल तर नाही जमणार. घरात मांजर आहे? सीलिंग फॅन किती वेळ चालू असतो? कारण डोळे उघडल्यावर ती पडद्यावरनं थेट वर जाते. जुलैत पंढरपूरला, मे मध्ये गावाला जाणार असाल तर तेव्हा कोण? वायर, सोफा, कपाटाच्या कडा हे सगळं कुरतडलं जाणार, तिचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ती कुरतडते त्यात खोड काही नाही.

आणि चावते. पोरांना हे आधी सांगा. दोन महिन्यांपर्यंत खिशात झोपणारी तीच खार मोठी होताना अचानक बदलते, तुमचं काही चुकलेलं नसतं, ती खार व्हायला लागलेली असते. चावली तर साबण आणि वाहत्या नळाखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि डॉक्टरला दाखवा, टिटॅनसचं विचारा. हळद भरून बसू नका.

> थांबा: रील. गळ्यात पट्टा, कपडे, केक कापताना शेजारी खार. माणसाला न घाबरणारी खार सोडल्यावर पहिल्याच कुत्र्याकडं चालत जाते. पाजणारं माणूस एकच ठेवा, बाकीच्यांनी लांबून बघा.

पायरी ७: पिंजरा आणि खाणं

डोळे उघडून आठ-दहा दिवस झाले की खोका पुरत नाही. पोपटाचा पिंजरा चालत नाही, गजांमधनं निसटते. अर्धा इंची जाळीचा, उंच, निदान चार फूट, आत आंबा-पेरूच्या ताज्या फांद्या, वर कोपऱ्यात झोपायला डबा. सकाळचं कोवळं ऊन आत आलं पाहिजे पण अर्धा भाग सावलीत.

खाण्यात चूक एकच पण मोठी, फक्त शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बिया. तासगावकडचे लोक बेदाणे देतात, घरात पोत्यानं असतात ना. हे सगळं तिला आवडतं आणि त्यात कॅल्शियम नसल्यात जमा. हाडं ठिसूळ होतात, मागचे पाय ओढत चालते, लोकांना वाटतं पडून लागलं. म्हणून पेरू, काकडी, कोवळं मक्याचं कणीस, शेवग्याचा पाला, उंबर, अधनंमधनं किडा-नाकतोडा, आणि पक्ष्यांच्या दुकानात पांढरा कटलबोन (माकुळ या समुद्री प्राण्याचं कॅल्शियमवालं हाड) मिळतो तो जाळीला अडकवून ठेवा. शेंगदाणा दिवसाला एखादा, खारवलेला नाही. दूध हळूहळू कमी करायचं, एकदम तोडायचं नाही, ती स्वतःच सिरिंज ढकलायला लागते.

द्राक्षबागेतला पाला किंवा फांद्या आणू नका. कालच फवारणी झालेली असते आणि धुऊन ती जात नाही.

पायरी ८: सोडायचं कसं

शेपटी झुबकेदार, शेंग फोडून खाते, अनोळखी माणूस आला की वर पळून लपते, आणि निदान दहा दिवस दुधाशिवाय वजन टिकलंय: आता वेळ झाली. वनखात्याला कळवा, ते सांगतील तसं.

गाडीत घालून कोयनेच्या जंगलात नेऊन सोडणारे पण आहेत, "निसर्गात सोडली" म्हणून फोटोसकट. गल्लीतल्या नारळावर वाढणारी खार ती, तिला तिथलं खाणं माहीत नाही, तिथं आधीपासून राहणाऱ्या तिला टिकू देत नाहीत. जिथं सापडली तिथंच, किंवा जवळ जिथं बाकीच्या खारी आहेत, जुनी झाडं आहेत, मांजरं कमी आहेत तिथं.

पिंजरा त्या झाडाखाली किंवा गच्चीत आठवडाभर ठेवा, रात्री वर जाड कापड. बाकीच्यांचे आवाज तिला कळू देत. मग कोरड्या दिवशी सकाळी आठ-नऊला दार उघडा आणि बाजूला व्हा. हातात घेऊन फेकायचं नाही, ती निघेल तेव्हा निघेल, कधी दुपार होते. जून-जुलैच्या झडीत सोडू नका, दोन-तीन दिवस उघडीप मिळेपर्यंत थांबा.

दार उघडंच ठेवा, आत झोपायचा डबा तसाच, थोडं खाणं आणि पाणी रोज. पहिले काही दिवस संध्याकाळी बऱ्याच जणी परत येतात झोपायला. मग एक दिवस येत नाही. तरी डबा लगेच काढू नका, दोन आठवडे राहू दे, आणि काढायच्या आधी आत हात घालून बघा, कारण एकदा माझ्याकडच्या डब्यात आमची नाही, दुसरीच कोणतरी येऊन काथ्या भरून बसली होती.